दुभाषी

जव्हार संस्थान विलीन होऊन सहा वर्षं झाली होती. खोडाळ्याच्या बाजारात मुंबईहून एक समाजसेविका आल्या. त्यांना फक्त हिंदी येत होती आणि जमलेल्यांना हिंदी कळत नव्हती. म्हणून मजूर नेणारा काशिनाथ मुकादम आपणहून दुभाषी झाला.

बाई कळवळून म्हणाल्या, "नोकरीच्या नावाखाली तुमच्या मुली नेतात आणि विकतात. कुणाहीबरोबर पाठवू नका."

मुकादमानं शांतपणे सांगितलं, "बाई सांगतात का, मुंबईला पोरींना चांगलं काम आहे. जेवण मिळंल, लुगडं मिळंल. नावं माझ्याकडं द्या."

पारूच्या बापानं हात वर केला. पाठोपाठ आणखी चार हात वर झाले. लोकांना आपलं म्हणणं इतक्या लवकर पटलं, याचं बाईंना समाधान वाटलं.

तेवढ्यात मागं बसलेली पुतळी उठली. ती लांबच्या पाड्यावरची होती. पाच वर्षांनी घरी परतल्यापासून ती कुणाशी बोलली नव्हती. तिनं पारूच्या बापाचा हात धरून खाली केला.

"काका, हा खोटं सांगतो. बाई सांगतात का, पोरी धाडू नका, त्यांना विकतात."

मग तिनं मुकादमाचं बोलणं बाईंना स्वच्छ हिंदीत सांगितलं.

बाई चकित झाल्या. "तू एवढी चांगली हिंदी कुठं शिकलीस?"

पुतळीनं उत्तर मात्र सगळ्यांना कळेल असं, गावच्या बोलीत दिलं.


"मुंबईला. यानंच नेलेली मला."