शेजारीण मरते तिथपर्यंत

सिनेमातल्या पोराने शेवटी विमानतळावर त्या पोरीला गाठलंच. व्हर्नाने डोळे पुसले आणि रॉइस टिलरी गुडघा धरत उठला.

“रडून झालं की सांग. केक कापतो.”

“सुरी आधी धुऊन घे. मागच्या रविवारी केकला कांद्याचा वास येत होता.”

“अजून राहायला आली नाहीस आणि हुकूम सुरू.”

ती हसली. पण तो स्वयंपाकघरात वळताच तिचं हसू मावळलं. टीव्हीवर ‘पुन्हा पाहा’च्या ओळीत ते चित्र आजही होतं. पोत्याचा मुखवटा घातलेला माणूस, हातात सुरी.

रविवारी चर्चमधून ती थेट त्याच्याकडे यायची. दोघं जेवायचे, एखादी गोड प्रेमकथा बघायचे आणि उजेड असेतो ती घरी परतायची. जॉर्जियातल्या या गावात ती बहिणीजवळ राहायला आली त्याला फार दिवस झाले नव्हते. रॉइस साधा, थट्टेखोर माणूस. उमेदीपासून पार साठी उलटेपर्यंत सिनेमावाल्यांसाठी मोटारी उलटवायचा, छतावरून पडायचा. त्याचं कुणाला नवल नव्हतं. इथे निम्म्या गावाने सिनेमावाल्यांचं काही ना काही काम केलेलं. कुणी जेवण पुरवलं, कुणी घर भाड्याने दिलं. थँक्सगिव्हिंगच्या सणानंतर माझ्याकडेच राहायला ये, असं त्याने विचारलं होतं. आज ती उत्तर देणार होती.

आणि मध्ये हा मुखवटेवाला आला होता.

शाळकरी पोरांसाठी काढलेला कापाकापीचा सिनेमा. चित्राखाली लाल रेघ असते, कुठवर पाहून झालं ते दाखवणारी. ती रेघ दर रविवारी एकाच जागी थांबलेली असायची. अर्ध्याच्या बरीच अलीकडे.

तिची बहीण ग्लेंडा हिच्या नातवंडांनी तो सिनेमा पाहिला होता.

“तिथे शेजारची म्हातारी मरते,” ग्लेंडाने फोनवर सांगितलं होतं. “पोरांच्या आधी तिचा नंबर. तुझा रॉइस तेवढंच परत परत बघतो, व्हर्ना. म्हातारी मरताना.”

“असते एकेकाची आवड.”

“आवड मला गुलाबांची आहे. त्याची बायको कशाने गेली म्हणालीस?”

“न्यूमोनियाने. थंडी भरली होती.”

“आणि?”

सांगायला नको होतं, पण व्हर्नाने सांगून टाकलं. रॉइस एकदा जेवता जेवता म्हणाला होता, “माझ्यामुळे गेली ओपल.” मग उठून ताटं विसळायला लागला होता.

“असं कोण म्हणतं गं स्वतःच्या तोंडाने?” ग्लेंडा म्हणाली. “ज्याने केलंय तोच ना?”

तेव्हापासून व्हर्नाला स्वतःचीच लाज वाटत होती. हा माणूस आपल्यासाठी केक करतो आणि आपण त्याच्या पाठीमागे त्याचा टीव्ही तपासतो. दुसऱ्याचं पत्र फोडल्यासारखं. त्यात ती बसायची ती खुर्ची ओपलची. तिला अवघडायला नको म्हणून रॉइसने बायकोचे सगळे फोटो आत नेऊन ठेवले होते. व्हर्नाने तिचा चेहराही पाहिला नव्हता. मागच्या दाराशी खुंटीवर ओपलचा मोहरीच्या रंगाचा कोट तेवढा उरला होता. त्याचं एक बटण कधीतरी हरवलेलं, त्या जागी हिरवं लावलेलं. घडी करून ठेवावा म्हणून व्हर्नाने तो एकदा खुंटीवरून काढला, तर रॉइस म्हणाला, “राहू दे तो.” तीनच शब्द, पण त्याचा तसा आवाज तिने कधी ऐकला नव्हता.

दारातून तो दिसत होता. डाव्या हातात सुरी धरून नळाखाली सावकाश धूत होता.

चित्रावर आज एक नवी पट्टी आली होती. महिनाअखेर हा सिनेमा इथून जाणार. व्हर्नाने रिमोट उचलला. हे बरं नाही, असं मनाशी म्हणत असतानाच तिने बटण दाबलं, आणि थोडं मागे नेलं.

तळ्याकाठचं घर. गवतावर पांढरं दव. एक म्हातारी हातात टॉर्च घेऊन काठावर येते, “कोण आहे तिकडे?” म्हणत गुडघाभर पाण्यात उतरते. मागून मुखवटेवाला येतो. ती वळते. हातातला टॉर्च उलटा फिरतो आणि उजेड तिच्याच अंगावर पडतो.

मोहरीच्या रंगाचा कोट. हिरवं बटण.

मुखवटेवाल्याने सुरी वर उचलली. डाव्या हाताने.

मागे बशा वाजल्या. रॉइस दारात उभा होता.

व्हर्नाने घाईघाईने रिमोट शोधला. “माफ कर. मी आधी विचारायला हवं होतं.”

“असू दे. बंद करू नकोस.” तो टीव्हीकडे बघत होता. “ठरलेली बाई त्या दिवशी आली नाही. मीच म्हणालो, माझ्या बायकोला घ्या, ती हौशी आहे.”

पडद्यावर सुरी एका झटक्यात खाली आली. म्हातारी पाण्यात कोसळली. लाल रेघ नेहमीच्या जागी पोचली.

“किती सहज केलंस,” व्हर्ना म्हणाली. काहीतरी बोलायला हवं म्हणून.

“हा शेवटचा टेक. त्याआधी नुसता हात वर जायचा, खाली येईना. मग पुन्हा तिला पाण्यात उभं करायचे.” रॉइसने बशा खाली ठेवल्या. “दर खेपेला ती मुखवट्याशी तोंड आणून म्हणायची, ‘मार ना रे एकदाचं, रॉइस. गारठले मी.’”