चौदा वाडगे

टेबलं पाच. खुर्च्या वीस, त्यातल्या दोन डुगडुगतात म्हणून भिंतीला टेकवलेल्या. सुपाचं पातेलं एक. वाडगे चौदा, कारण गिऱ्हाइकं चौदा. तेरा रोजची, एक अनोळखी. पिण्याच्या पाण्याचं पिंप वीस लिटरचं, काठोकाठ भरलेलं. एवढ्या माणसांना दुपारच्या जेवणात त्यातलं सात लिटर लागतं. दाराजवळच्या खिळ्यावर जागेची किल्ली.

ती किल्ली संध्याकाळी जागामालकाकडे जायची की नाही, हे वाडगे ठरवणार होते. अट वडिलांची. त्यांच्या आजारपणात खाणावळ पाच महिने बंद होती, आज उघडली. “माणसं तोंडदेखलं बोलतात,” ते सकाळी मुलीला म्हणाले होते. “वाडगा खोटं बोलत नाही. सूप उरून आलं तर आपण थांबायचं.” हेच त्यांनी शिंप्यालाही सांगितलं होतं, म्हणजे गल्लीभर दवंडी पिटल्यासारखंच.

चौदावा वाडगा स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर गिऱ्हाइकांकडे गेला. मुलगी ओटा आवरायला लागली. मिठाचा डबा उचलला तर खाली चिठ्ठी. वडिलांचं अक्षर: ‘मीठ ५० ग्रॅम. घातलं.’ ‘घातलं’खाली दोन रेघा.

तिने चिठ्ठी परत वाचली. वडिलांनी आयुष्यात कधी मीठ मोजलं नव्हतं. चिमूट आणि जीभ, बस्स. पण तापात जिभेची चव गेली ती गेलीच. त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. गेल्या आठवड्यात बिनसाखरेचा चहा त्यांनी मुकाट्याने संपवला, तेव्हा तिला कळलं. म्हणून आज ते शटर उघडायला गेले असताना तिने गुपचूप काट्यावर मोजून पातेल्यात मीठ घातलं होतं. पन्नास ग्रॅम.

तिने पातेल्याच्या तळाशी चमचा फिरवला आणि चाखला.

शंभर.

वडील खिडकीत उभे होते. दोन्ही हात कट्ट्यावर, नजर बाहेर, पाठ तिच्याकडे. बाहेर जाऊन सांगावं, तर काय सांगणार? की बाबांच्या चवीवर माझा भरवसा नव्हता? ती चिठ्ठी मुठीत चुरगाळून पाण्याचा जग घेऊन बाहेर आली.

नुसते चमचे वाजत होते. एरवी या टेबलांवर कान किटायचे.

“ताई, पाणी,” पोस्टमन म्हणाला. त्याचा पेला तिने नुकताच भरला होता.

“कसं झालंय?” खिडकीतून वडिलांनी विचारलं.

पोस्टमनने घोट गिळला. “मालक, पाच महिने घरचं अळणी खाऊन—”

शिंप्याने त्याला टेबलाखालून लाथ मारली.

“—वजन उतरलं माझं,” पोस्टमनने वाक्य पुरं केलं. “सायकलसुद्धा ओळखेना.”

वडील हसले नाहीत. त्यांची नजर कोपऱ्यातल्या टेबलावर गेली होती. तिथल्या अनोळखी माणसाने एक चमचा तोंडात घातला होता आणि दुसरा वाडग्यात तसाच सोडला होता. त्याने वाडगा हलकेच पुढे सरकवला.

“अहो,” तो मुलीला म्हणाला, “हे सूप...”

“गरम आहे, हो,” शेजारच्या टेबलावरून शाळेतल्या निवृत्त बाई म्हणाल्या. चाळीस वर्षं शेवटच्या बाकापर्यंत पोचलेला आवाज. “फुंकून खा. ताई, पाहुण्यांना पाणी दे.”

“गरम नाही, पण—”

“पाहुणे,” शिंपी हळूच म्हणाला, “इथे ताटात टाकायची पद्धत नाही. आज तर मुळीच नाही.”

त्या माणसाने मान वर केली. तेरा माणसं खाली बघून सूप पीत होती. प्रत्येकाच्या डाव्या हातात पाण्याचा पेला होता. बाईंचं कपाळ घामाने चमकत होतं. खिडकीत एक म्हातारा त्याच्याकडेच पाहत उभा होता. कट्ट्यावरची त्याची बोटं पांढरी पडली होती.

माणसाने पेला पुढे केला. मुलीने तो भरला. मग त्याने चमचा उचलला.

वाडगे एकेक करून खिडकीत यायला लागले. वडील प्रत्येक वाडगा उजेडाकडे तिरपा धरून बघत आणि बाजूला ठेवत. सात. नऊ. बारा. बाईंचा तेरावा. चौदाव्याची वाट बघताना कुणी जागचं उठलं नाही. कोपऱ्यातल्या माणसाने पावाच्या शेवटच्या तुकड्याने वाडगा पुसला, तुकडा खाल्ला आणि वाडगा स्वतः आणून दिला.

“उद्या असता का?” त्याने विचारलं.

“बघू,” वडील म्हणाले.

सगळे गेल्यावर ते मुलीला म्हणाले, “उरलेलं काट्यावर ठेव.”

“काय ठेवू, बाबा? काहीच नाही.”

“तरी ठेव.”

तिने उरलंसुरलं काढायचं रिकामं भांडं काट्यावर ठेवलं. भांड्याचं वजन वजा करून काटा शून्य ग्रॅम दाखवत होता. वडिलांनी तो वाकून वाचला. मग खिळ्यावरची किल्ली काढून सदऱ्याच्या खिशात टाकली.

“उद्या वीस वाडगे काढ. बाई बहिणीला आणणार आहेत म्हणे.”

“काढते.”

“पिंप भरायला हवं,” असं म्हणत त्यांनी नेहमीची खुणांची काठी घेतली, झाकण सरकवलं आणि काठी तळापर्यंत बुडवली. मुलगी वाडगे विसळायची थांबली. त्यांनी काठी बाहेर काढून उजेडाकडे धरली.

ती चार लिटरच्या खुणेपर्यंत ओली होती.