सामायिक पिंप

घटस्फोटात रसेल आणि नॉरीनने घर, गाडी, कुत्रा सगळं वाटून घेतलं. राहिलं ते ओकलंडच्या वायनरीत दोघांनी मिळून घातलेल्या वाइनचं पिंप. ते मुरायला अजून दीड वर्ष होतं. चव बघायला दोघं दर महिन्याला तिथे भेटायचे आणि त्या दिवशी रसेलच्या नव्या बायकोला, ग्रेटाला, घास गोड लागत नसे.

आज बाटल्या भरायच्या होत्या, म्हणून ग्रेटाही हट्टाने सोबत आली. नॉरीनने एक घोट घेतला आणि रसेलकडे बघून नुसती भुवई उचलली.

"हो ना, शेवटी जराशी तुरट लागते," तो म्हणाला.

ग्रेटाला वर्षभरात त्याची एक भुवई वाचता आली नव्हती.

दुपारपर्यंत निम्म्या बाटल्या नॉरीनच्या गाडीत गेल्या, निम्म्या यांच्या. रिकामं पिंप ग्रेटाने स्वतः ढकलत भिंतीला नेऊन लावलं.

"सुटलो बाई एकदाचे," ती म्हणाली.

तेवढ्यात वायनरीचे मालक पाचेको हात पुसत बाहेर आले.



"नॉरीन, रसेल, शनिवारी जरा लवकर या हं दोघं. तुमच्या नव्या पिंपाची द्राक्षं सकाळीच येताहेत."