विनामूल्य

'विनामूल्य' या शब्दावर अंगठा ठेवून देवस्थळी वकिलांनी दिवाळी पहाटेच्या गाण्याच्या दोन प्रवेशिका माझ्यापुढे धरल्या. "प्रत्येकी सहाशे."

परवा याच गृहस्थांनी सहा नातवंडं रांगेत माझ्या पुढं उभी केली होती. माणशी दोन म्हणत अख्खा गठ्ठा उचलला आणि माझा नंबर येईपर्यंत खिडकी बंद झाली.

"लाज नाही वाटत? बाई मानधनसुद्धा न घेता गाताहेत!"

"कुठल्या कलमात बसतं, तेवढं सांगा." वकील गोड हसले. अंगाला उटण्याचा वास, कपाळावर ताजं कुंकू. "माझी वस्तू, मी विकतो. नको तर राहू द्या."

शिवी अगदी ओठांवर आली होती. पण मागं रिक्षात बाबा बसले होते, साडेतीनलाच अभ्यंगस्नान उरकून, नवा सदरा घालून. या बाईंचं गाणं ऐकायचं म्हणून महिनाभर दिवस मोजत होते. मी बाराशे रुपये काढून दिले. किळस आली, त्या माणसाची आणि माझीही.

आत खुर्चीत टेकल्यावर बाबा म्हणाले, "बाहेर पैसे देताना पाहिलं तुला. यंदा तिकीट लावलंय वाटतं?"

"हो."

"बरं केलं." त्यांनी समाधानानं शाल सारखी केली. "एवढं गाणं फुकट ऐकायचं म्हणजे पाप वाटायचं. आता बाईंना चार पैसे तरी मिळतील."

पडदा उघडला. बाबांनी ताठ मानेनं बाईंना नमस्कार केला.

मला वर बघवेना.