मधला तुकडा

पडद्यावरच्या बाईने दुकानाचं दार लोटून घेतलं. कपडे धुवून देणारी ती विधवा आणि बोटीवरून उतरलेला तो खलाशी, दोघं न बोलता एकमेकांकडे बघत राहिली. त्याने एक पाऊल पुढे टाकलं आणि एकदम सकाळ झाली. बाई एकटीच चादरी वाळत घालत होती.

ताजुद्दीन खुर्चीत चुळबुळला. "घाण कापलानी," तो पुटपुटला.

जेद्दातल्या त्या छोट्या थिएटरात दुपारच्या खेळाला जेमतेम वीस माणसं होती. फारशा कुणाला ठाऊक नसलेल्या जुन्या जपानी सिनेमांचा आठवडा चालू होता. एके काळी असले सिनेमे तिकडे जपानात पंधरा दिवसांत स्वस्तात उरकत आणि लोक तोंड लपवून बघायला जात. आता त्यांनाच कला म्हणतात. वय झालं की बदनामीलाही मान मिळतो.

ताजुद्दीनला हा सिनेमा पाठ होता. पंचवीस वर्षांपूर्वी इथल्याच शराफिया भागातल्या कॅसेटच्या दुकानात दोन व्हीसीआर पुढे घेऊन तो हेच कापाकापीचं काम करायचा. जपानी इंजिनियर मायदेशी जाताना कॅसेटी टाकून जात. मालक म्हणे, नको ते काढ, मग भाड्याने दे. पण नको ते काढायचं तर आधी ते नीट बघावं लागतं, पुन्हा मागे, पुन्हा पुढे. दुकानात पाच वक्ताचा नमाजी तो एकटा, म्हणून मालकाने मुद्दाम त्यालाच निवडलं होतं. याचं मन चळायचं नाही म्हणे. मन चळलं नाही. एकटं मात्र फार पडलं.

शेजारी हलिमा बसली होती, त्याची बायको. चौतीस वर्षांचा संसार; पण त्याच्या रजेचे दिवस जोडले तर तीन वर्षांचाही भरत नव्हता. यंदा पहिल्यांदाच तो तिला रत्नागिरीहून इकडे घेऊन आला. तीन आठवड्यांत मक्केला जाऊन उमरा झाला, खरेदी झाली, तिने रोज त्याच्या आवडीचं रांधलं, आणि दोघं एकमेकांशी पाहुण्यांसारखी अदबीने वागली. उद्या तिचं विमान होतं. निदान अंधारात तरी तिला जवळ घ्यायचा धीर होईल, म्हणून त्याने ही तिकिटं काढली होती.

"अवो," हलिमा हळूच म्हणाली, "मधी काय झालां?"

त्याला सगळं ठाऊक होतं. साडेचार मिनिटं. खलाशाने आधी तिचे पाण्याने गारठलेले पाय आपल्या सदऱ्याने पुसले होते. ती रडली होती, मग रडता रडता हसली होती, आणि मग तिने स्वतःच दिवा बारीक केला होता. हे सारं त्याने आपल्या हाताने किती वेळा कापलं होतं. हलिमाला ते सांगावं असं त्याला फार फार वाटलं. त्याने तोंड उघडलं. पण असलं काही बायकोशी बोलायची सवय कधी लागलीच नव्हती.

"त्यान तिचो हात धरलान," तो म्हणाला.

"मंग?"

"बस. तेवढांच."



"येवढ्यासाठी कापलानी?" ती म्हणाली. "नुसतो हात धरण्यात वायट काय होतां?"

हलिमाने मांडीवरची पर्स पलीकडे सरकवली आणि आपला हात दोघांमधल्या आर्मरेस्टवर ठेवला. पालथा नाही, उताणा.

सिनेमा संपून दिवे लागले, तेव्हाही तिचा हात तसाच होता, उताणा आणि रिकामा.