सासरचा रक्तगट

फॉर्मवर दोन रकाने होते: माहेरचा रक्तगट आणि सासरचा रक्तगट. हेमांगीने पहिल्यात ओ निगेटिव्ह लिहिलं आणि ती थांबली. पोटातलं दुसरं बाळ पॉझिटिव्ह होतं, आणि तिचंच रक्त त्याच्या जिवावर उठलं होतं. दोघांपैकी एकाचा गट आज कायमचा बदलायचा होता.

"बाळाचा बदला," ती म्हणाली. "माझ्या भावाला माझंच रक्त चढवतात. दुसऱ्या कुणाचं त्याला चालत नाही."

"आमच्या घराण्याचं रक्त बदलायचं?" सासूबाई कडाडल्या. "लग्नात ताटातल्या तांदळात तुझं नवं नाव लिहिलं, तेव्हा काही बिघडलं का गं?"

खरंच, तेव्हा काय बिघडलं होतं? हेमांगीने नवऱ्याकडे पाहिलं. तो मोबाइल चाळत होता.

"बाळाचा बदलायला वडिलांची सही लागते," नर्स म्हणाली.

"आणि माझा बदलायला माझी ना?"

"तुमची कशाला, ताई? ती लग्नाच्या नोंदणीतच घेतलेली असते."

हेमांगीने आठवून पाहिलं. त्या दिवशी बोट ठेवतील तिथे ती सह्या करत गेली होती, आणि फोटोसाठी हसत होती.