बारा महिन्यांची फुलदाणी

कालिंदीबाईंनी चित्रावरची चादर ओढली, कॉलनीच्या हॉलमध्ये टाळ्या झाल्या, आणि भडकमकर अण्णा चष्मा कपाळावर सारून चित्राला जवळजवळ नाक लावून उभे राहिले.

युरोपातल्या जुन्या फ्लेमिश चित्रकारांच्या थाटात बाईंनी बारा महिन्यांची फुलं एकाच फुलदाणीत रंगवली होती. त्यासाठी वर्षभर, जे जेव्हा फुलेल ते पहाटे कुणाच्या तरी बागेतून खुडून आणायचं आणि किडीच्या भोकासकट हुबेहूब उतरवायचं, असा त्यांचा नेम होता. फुलचोर पकडायच्या समितीच्या अध्यक्षही त्याच होत्या.

“हे भोक!” अण्णा गरजले. “डिसेंबरात माझ्या डेलियाला अळीनं पाडलेलं!”

“आणि ही माझी मे महिन्यातली लिली!” खासनीस वहिनी किंचाळल्या. “चोरीला गेली तेव्हा माझं सांत्वन करायला तुम्हीच आला होतात की हो!”

सगळा हॉल चित्रावर तुटून पडला. ज्याला त्याला आपापलं फूल सापडत होतं. बाई मनातल्या मनात राजीनामा लिहू लागल्या.

तेवढ्यात चित्र तिसऱ्यांदा वरपासून खालपर्यंत तपासून गुर्जर काका त्यांच्यासमोर येऊन उभे राहिले. त्यांचा चेहरा पडला होता.

“झेंडूच्या अकरा कुंड्या आहेत माझ्या,” ते म्हणाले. “एकदाही हात लावावासा वाटला नाही?”

बाईंनी चित्राकडे पाहिलं.

“डाव्या कोपऱ्यात अजून जागा आहे, काका. पहाटे फाटक उघडं ठेवा.”